बद्द

रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी
शिरोलीत दोन नंबरची भट्टी फुटली.
अस्तर खाऊन लोखंड खालच्या खड्ड्यात उतरलं.
पहाऱ्यावरचा सर्जेराव म्हणाला, एकदम दुपार झाली.
माणूस एकही भाजला नाही. हे खरं आहे,
आणि पुढं अकरा दिवस मी या एका खऱ्याला धरून बसले.

पहाटे पाचला नाक्यावरच्या चहावाल्याला माहीत होतं.
मग कप उचलणाऱ्या पोराला,
पहिल्या पाळीतल्या सगळ्यांना, त्यांच्या घरात,
वाळू घेऊन आलेल्या ट्रकच्या क्लीनरलाही.
फक्त ज्यांचे पैसे होते त्यांना नव्हतं.

नियम सांगतो, बारा तास.
मी मसुदा केला साडेतीन ओळींचा:
भट्टी फुटली. उत्पादन निम्म्यावर.
पुन्हा कधी पेटेल ते आज सांगता येत नाही.
साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला,
'फुटली'वर पेन टेकवलं,
"सासने मॅडम, हा शब्द फार आवाज करतो."
मग आम्ही दोघांनी मिळून तो आवाज काढला.
'नियोजित देखभालीसाठी भट्टी क्रमांक दोन
तात्पुरती बंद ठेवण्यात येत आहे.'
ठेवण्यात येत आहे.
या क्रियापदात कुणाचेच हात दिसत नाहीत.

कास्टिंगमध्ये हवेचा फुगा राहिला
तर जुनी युक्ती आहे:
पुट्टी भरायची, वरून करडा रंग.
माल तोलात बसतो, नजरेत बसतो,
कुठल्याशा ट्रॅक्टरच्या पोटात जाऊन
नांगरटीच्या ऐन दिवशी तुटतो.
मी कॉमर्सवाली. मला वाटायचं
आपला आणि पुट्टीचा काय संबंध.

साडेअकराला डोंगल लावला, सही केली.
वेळेत. हिरवी खूण आली.
शेअर तीन रुपयांनी चढला.
त्याच आठवड्यात साहेबांच्या मेहुण्यांनी
चाळीस हजार विकले.
बंगल्याला टाइल्स बसवतायत म्हणे.

आज पहाटे गंगावेशीत
दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या होत्या.
गवळी समोर धार काढतो,
फेसासकट पेला हातात देतो.
इथं कुणी अहवाल मागत नाही.
इलाही मुजावर भेटले. कोअर शॉपला एकतीस वर्षं,
आता गडहिंग्लजला लेकीकडं,
डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आलेले.
"मॅडम, तुमचा कागद जावयानं वाचून दावला मोबाईलवर.
म्हटलं, देखभाल करत्यात म्हंजे कंपनी जोरात हाय.
ग्रॅच्युइटीतलं उरल्यालं घातलं. सहाशे शेअर."
मिशीवर फेस तसाच.
"भट्टी चालू झाली न्हवं आता?"

मी म्हणाले, कागदात आहे तसंच आहे, काका.

हेच मुजावर नव्या पोरांना शिकवायचे:
डोळ्यावर जाऊ नगा. हातोडी मारा, कान द्या.
घट्ट माल घंटेगत बोलतो,
पोकळ माल बद्द वाजतो.
त्यांनी पेला कट्ट्यावर ठेवला, जरा जोरात.
"बद्द येतोय आवाज," म्हणाले
पेल्याकडं बघत.
पेला स्टीलचा होता, निम्मा भरलेला.
पैसे त्यांनीच दिले. माझेही.

ऑफिसात अजून झाडू चालू आहे.
बारा तासांचे दोनशे चौसष्ट झालेत, वर थोडे.
'आमच्या यापूर्वीच्या निवेदनात'
एवढं लिहून झालंय.
पुढं कर्ता हवा.
'कंपनी' लिहिते, खोडते. 'मी' असल्या कागदात चालत नाही,
तरी लिहून बघते.
खाली फाटकाशी हॉर्न. साहेब आज लवकर.
वॉचमन कडी काढतोय.
आधी 'फुटली' लिहून ठेवते,
बाकीचं वाक्य मग बघू.